‘पोराच्या रक्ताचा पैसा’ आणि एक न भरलेला अर्ज

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय छत्तीस, पदरी दोन लेकरं, सासू-सासऱ्यांसोबत राहतात. गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं. चुलतदीर आणि त्याच्या दोन मुलांनी काठ्या आणि कत्तीनं हल्ला केला. यजमान दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. सोडवायला गेलेल्या ताईंच्या उजव्या हातावर वार बसला. फिर्याद त्यांचीच आहे. दोषारोपपत्र दाखल झालंय, एक आरोपी जामिनावर सुटून गावात आलाय. सरकारकडून नुकसानभरपाई मिळते असं त्यांना अंगणवाडी सेविकेनं सांगितलं. अर्जाचा कागद त्यांनी घरी आणला, तर सासरे म्हणाले, “पोराच्या रक्ताचा पैसा या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई.” भावकीतले पंच मात्र दुसराच निरोप घेऊन येतात: दहा लाख घ्या, कोरलेला धुरा सोडून देतो, कोर्टात फक्त “अंधार होता, ओळखू आलं नाही” एवढं म्हणा. गावातला एक जण म्हणतो, सरकारी पैसे मीच काढून देतो, त्यातले वीस टक्के माझे. आणि कुणीतरी ताईंच्या मनात भरवलंय, की सरकारचा पैसा घेतला तर आरोपीचा वकील म्हणेल, बाईनं पैशासाठीच केस केली. त्या विचारतात, “अर्ज करू का नको? माझ्या माणसाची किंमत सरकारनं करावी आणि मी सही करून ती घ्यावी, हे बरोबर आहे का?”

ताई,

चार पानांचं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यजमानांविषयी, लेकरांच्या शाळेविषयी, सासऱ्यांच्या अबोल्याविषयी तुम्ही सविस्तर लिहिलंय. स्वतःविषयी एकच ओळ आहे, तीही कंसात: (माझ्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, पण त्याचं काय, चालतंय). या ओळीकडे मी थोड्या वेळानं येते. ती कंसात राहू द्यायची माझी तयारी नाही.

आधी सासऱ्यांचं वाक्य. ते वाक्य चुकीचं आहे असं मला वाटत नाही. ते चुकीच्या पैशाला उद्देशून म्हटलं गेलं, एवढंच. तुमच्या दारात आज दोन पैसे उभे आहेत आणि घरातल्या सगळ्यांनी ते एकाच पोत्यात भरलेत. पंचांमार्फत येणारा पैसा मारणाऱ्यांच्या घरातून येतो. त्याच्या बदल्यात तुमची साक्ष द्यावी लागते, म्हणजे तुमच्या यजमानांच्या बाजूनं बोलणारं एकुलतं एक तोंड बंद करावं लागतं. त्याला ‘रक्ताचा पैसा’ म्हणणारा म्हातारा माणूस मला तरी शहाणा वाटतो. दुसरा पैसा सरकारी निधीतून येतो. आरोपींच्या खिशाशी त्याचा संबंध नाही आणि त्याच्या बदल्यात तुम्हाला कोर्टात एक अक्षरही बदलायचं नाही. उलट खरं बोलत राहायचं आहे.

सासऱ्यांशी बोलताना एक विचारून बघा. मराठवाड्यात दरवर्षी मे-जूनमध्ये वीज पडून माणसं जातात. तलाठी पंचनामा करतो, तहसीलमधून कुटुंबाला चार लाखांची मदत येते. ती घेतली म्हणून कुणी कुणाला ‘मेलेल्याचे पैसे खाल्ले’ म्हणतं का? रस्त्यावर ट्रकनं उडवलं तर लोक अपघाताचा दावा लावतात आणि गावच सल्ला देतं की लावा, सोडू नका. मग कत्तीनं गेलेल्या माणसाच्या घरानंच हात का आखडावा? मला वाटतं, वीज आणि ट्रक परके असतात आणि मारणारा भावकीतला असतो, म्हणून. लाज खरं तर त्यांनी बाळगायची. ती तुमच्या घरात कशी आली, याचा विचार करा.

‘किंमत’ या प्रश्नाकडे येते. माणसाची किंमत होत नाही, हे सरकारच्या योजनेलाही ठाऊक आहे, म्हणून तर योजनेतल्या रकमा एवढ्या तुटपुंज्या वाटतात! त्यातून तुमचं नुकसान भरून येणार नाही. पण हा पैसा का सुरू झाला ते बघण्यासारखं आहे. जुन्या फौजदारी पद्धतीत खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालायचा. ज्याच्यावर वार झाला तो साक्षीला बोलावण्यापुरता. समन्स आलं की यायचं, बोलायचं, एस.टी.नं परत जायचं. आरोपीला वकील, आरोपीला जामीन, तुरुंगात आरोपीच्या जेवणाची सोय सरकारची. मार खाणाऱ्याच्या घरी चूल पेटते का हे विचारणारं कलमच जवळपास नव्हतं. १९६३ मध्ये न्यूझीलंडनं कायदा केला, की गुन्ह्यात इजा झालेल्याला सरकारनं भरपाई द्यावी. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं गुन्ह्यातल्या पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. आपल्याकडे विधी आयोगानं १९९६ च्या अहवालात हा विषय मांडला, न्यायमूर्ती मळीमठ समितीनं २००३ मध्ये पुन्हा मांडला, आणि शेवटी २००८ च्या दुरुस्तीनं फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम आलं. ३१ डिसेंबर २००९ पासून ते लागू झालं. महाराष्ट्रानं त्याखालची पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ मध्ये काढली. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात हीच तरतूद कलम ३९६ मध्ये आहे. तुमची घटना त्यानंतरची, म्हणून तुमच्या कामाचा आकडा ३९६. तो लिहून ठेवा. कचेरीत आकडा सांगणाऱ्या माणसाशी वेगळ्या सुरात बोललं जातं, हे दुर्दैव आहे पण खरं आहे.

या सगळ्यामागचा विचार साधा आहे. माणसाचं रक्षण करणं सरकारचं काम होतं. ते झालं नाही. म्हणून निदान पुढं उभं राहायला मदत करणं तरी त्यानं करावं. तुम्ही सही कराल ती यजमानांच्या किमतीवर नाही. आमच्या घरावर गुन्हा झाला आणि त्याचे परिणाम आम्ही भोगतोय, एवढंच तुम्ही लिहून देता. हे सरकारी कागदावर यावं असं तुम्हाला वाटत नाही का?

आता वकिलाची भीती. ती अगदीच पोकळ नाही, उलटतपासणीत असला प्रश्न येऊ शकतो: “तुम्हाला सरकारकडून पैसे मिळाले, हे खरं आहे का?” उत्तर एका ओळीचं आहे: “होय, कायद्याप्रमाणे अर्ज केला होता.” लपवायचं काही नाही. शिवाय त्या आरोपात दमही नाही. कलम ३९६ नीट वाचलं तर दिसतं, की ही मदत आरोपीला शिक्षा होण्यावर अवलंबून नाही. आरोपी निर्दोष सुटला तरी, पीडिताचं पुनर्वसन गरजेचं असेल तर न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं अर्ज करू शकतात. म्हणजे पैशासाठी कुणाला अडकवायची गरजच उरत नाही. चुलतदिराचं नाव घेऊन तुम्हाला एक रुपया जास्त मिळणार नाही आणि न घेऊन कमी होणार नाही. हे तुमच्या सरकारी वकिलांच्या कानावर घाला, प्रश्न आलाच तर ते सांभाळतील.

तुम्ही शिक्षेची वाट बघून मग अर्ज करू म्हणता. का? खटला किती वर्षं चालेल कुणी सांगू शकत नाही. लेकरांची फी, बी-बियाणं, दवाखाना शिक्षेची वाट बघत थांबणार नाहीत. निकालाच्या वेळी न्यायालय आरोपीला दंड करून त्यातून तुम्हाला भरपाई देऊ शकतं. ते वेगळं कलम आहे, ३९५, आणि ती भरपाई आरोपीच्या खिशातून येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलं, की प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. द्यायची तरी कारण लिहावं, नाकारायची तरी लिहावं. तो खटलाही शेतातल्याच भांडणाचा होता, सुरुवात कुत्रं भुंकण्यावरून झाली होती. माणसं कशावरून मरतात आपल्याकडे! ते असो. ३९५ चं ३९५ च्या वेळी बघू. ३९६ साठी आज थांबायचं कारण नाही, आणि अंतिम निर्णयाआधी तातडीची अंतरिम मदतही मागता येते.

आता तुमच्या हाताकडे.

फौजदाराच्या कागदावर तुम्ही फिर्यादी आहात. कोर्टाच्या यादीत साक्षीदार. तहसीलमध्ये गेलात तर विधवा. सासरी सून, शाळेत आई. ज्या बाईवर कत्तीचा वार झाला ती कुठल्या कागदावर आहे? वैद्यकीय प्रमाणपत्रावर आहे, पण ते प्रमाणपत्र पोलिसांच्या फाइलमध्ये लागलंय आणि तुम्ही स्वतः ते विसरायला निघालात. ताई, या गुन्ह्यात दोघांवर वार झाले. एक जण गेला, एक जण वाचली. वाचलेल्याची नोंद झाली म्हणजे गेलेल्याचा अपमान होत नाही. तुमचा अर्ज म्हणूनच दोन गोष्टींसाठी असला पाहिजे: यजमानांच्या मृत्यूबद्दल अवलंबून असलेली पत्नी म्हणून, आणि तुमच्या स्वतःच्या इजेबद्दल. एकाच कागदावर चालतं की दोन लागतात, ते अर्ज द्यायच्या जागी, म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात (त्याविषयी पुढं सांगते), विचारून घ्या, पण दुसरी गोष्ट सोडू नका.

याला दुसरी बाजूही आहे. घटनेत स्वतः जखमी झालेल्या साक्षीदाराच्या सांगण्याला आपली न्यायालयं विशेष वजन देतात, कारण तो तिथं हजर होता याचा पुरावा त्याच्या अंगावरच असतो. “अंधार होता, ओळखू आलं नाही” हे वाक्य पंच तुमच्याकडूनच का मागतायत, हे आता लक्षात येईल.

उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत म्हणजे खुरपं धरता येत नाही, कापूस वेचता येत नाही, भाकरी थापताना त्रास होतो. ‘चालतंय’ असं म्हणत बाया आयुष्य काढतात, पण हे चालवून घ्यायचं नाही. जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवा, स्नायूबंध तुटलाय का विचारा, फिजिओथेरपीनं किती फरक पडेल विचारा. कायमचं अपंगत्व असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून तपासणीची तारीख घ्या. त्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी भरपाई ठरवताना कामाला येते, नंतर इतर योजनांतही.

पंचांविषयी. ती माणसं वाईटच असतील असं नाही. त्यांनाही त्याच गावात, त्याच भावकीत राहायचंय, एकमेकांच्या लग्नाला जायचंय. भांडण मिटवणं हेच आपलं काम अशी त्यांची समजूत आहे. पण धुरा मिटवता येतो, खून मिटवता येत नाही. कायद्यात तडजोडीला पात्र गुन्ह्यांची यादी आहे, तिच्यात खून नाही. तुम्ही कागद करून दिला तरी केस ‘मागं’ घेता येत नाही, कारण ती तुमची नाही, राज्याची आहे. मग दहा लाखांच्या बदल्यात प्रत्यक्षात मागितलं जातंय ते काय? शपथेवर खोटं बोलणं. तो गुन्हा तुमच्या नावावर लागतो, आरोपींच्या नाही. गुन्हेगाराला शिक्षेतून वाचवण्यासाठी पैसे घेणं हाही गुन्हाच. पंच हे तुम्हाला सांगत नाहीत, कदाचित त्यांनाही माहीत नसेल.

धुऱ्याचं मात्र वेगळं करा. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरा, हद्द कायम करून घ्या. आरोपी जमीन ‘सोडणार’ म्हणजे उपकार करणार, असं का समजायचं? तुमची असेल तर ती मोजणीच्या नकाशावर तुमचीच निघेल.

जामिनावर आलेला मुलगा रोज दारावरून मोटारसायकल फिरवतो असं तुम्ही लिहिलंय. तारीख, वेळ, कोण बघत होतं, हे एका वहीत लिहीत जा. तपास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोच न घेता दिलेला कागद दिला नाही असाच धरून चाला. जामिनाच्या अटी मोडल्या तर जामीन रद्द करायची मागणी सरकारी वकिलांमार्फत करता येते, आणि जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. साक्षीदार संरक्षणाची योजनाही २०१८ पासून देशभर बंधनकारक आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे त्यासाठी अर्ज जातो. प्रत्येकाला बंदूकधारी पोलीस मिळतो असं समजू नका, पण गस्त, नियमित फोन, साक्षीच्या दिवशी सोबत, एवढं मागणं अजिबात जास्त नाही.

वीस टक्केवाल्याला चहा पाजून परत पाठवा. या अर्जाला दलाल लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून कुणी परत पाठवलं तर कलम १२ मध्ये स्त्रिया वेगळ्या नोंदल्या आहेत, एवढं शांतपणे सांगा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा त्यांचा देशभरचा क्रमांक आहे.

सोबत न्यायच्या गोष्टी: एफआयआरची प्रत (ती फिर्यादीला फुकट मिळते, दिली नसेल तर मागा), शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यू दाखला, तुमचं जखमेचं प्रमाणपत्र, दवाखान्याची बिलं, आधार, लेकरांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, आणि फक्त तुमच्या नावाचं बँक खातं. कागद अपुरे असले तरी जा. दोषारोपपत्राची प्रत नसेल तर प्राधिकरणानं दिलेल्या वकिलामार्फत मागता येते. नव्या संहितेत वकील असलेल्या पीडितालाही ती मोफत द्यायची तरतूद आहे. वर्ष उलटत आलंय, उशीर झाला, म्हणून घरीच बसू नका. हाताचे उपचार, घरातलं दुःख, कुणी सांगितलंच नाही ही खरी कारणं लिहून उशीर माफ करायची विनंती करा. आपला अर्ज आपणच नाकारायचा नसतो, त्यासाठी तिथं माणसं नेमलेली आहेत.

खोटी आशा मात्र लावत नाही. कायदा म्हणतो, प्राधिकरणानं दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करावी. प्रत्यक्षात पोलीस ठाण्याचा अहवाल अडकतो, निधी अडकतो, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला सण उलटतात. फेऱ्या होतील, प्रत्येक फेरीला रोज बुडेल. म्हणून अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा, तारखेच्या दिवशीच कचेरीचं काम उरकून घ्या, आणि महिनाभर उत्तर नाही आलं तर लेखी विचारा. तोंडी विचारलेल्याची कुणी आठवण ठेवत नाही.

पुन्हा सासऱ्यांकडे येते, कारण मला वाटतं खरी गाठ तिथं आहे. तुमच्या अर्जाला त्यांची सही लागत नाही. तुम्ही सज्ञान आहात, पत्नी आहात, जखमी आहात. तरी त्यांना टाळून पुढं जा असं मी म्हणणार नाही. म्हाताऱ्यानं पोरगा गमावलाय. त्यांच्या मनात रक्ताच्या पैशाखेरीज आणखी एक भीती असू शकते, जी कुणी तोंडानं बोलत नाही: पैसा सुनेच्या खात्यात पडला आणि ती लेकरांना घेऊन माहेरी गेली तर आमचं काय? तुम्हाला राग येईल, पण एकदा त्यांच्या जागेवरून बघा. आईवडीलही पोरावर अवलंबून होते. अर्जात त्यांची नावं, वयं, आजार, सगळं लिहा. भरपाईत त्यांचा विचार व्हावा असं तुम्हीच मागा. “मामंजी, कागदावर तुमचंही नाव घातलंय,” हे एक वाक्य दहा समजुतींपेक्षा जास्त काम करेल.

पैसा उधळला जाईल किंवा दीर मागून नेईल अशी धास्ती तुम्ही लिहिली आहे. महिला पीडितांसाठीच्या २०१८ च्या राष्ट्रीय योजनेत तर मंजूर रकमेतला ७५ टक्के हिस्सा किमान तीन वर्षं मुदत ठेवीत ठेवायची पद्धतच घालून दिली आहे. तुमच्या बाबतीत आदेशात तसं नसेल तर तुम्ही स्वतः विनंती करा, की लेकरांचा वाटा त्यांच्या नावानं ठेवीत टाका. मग मागायला येणाऱ्याला नाही म्हणायचा ताप उरत नाही. “कोर्टानं ठेवीत टाकलाय” म्हणायचं आणि आत निघून जायचं.

एवढं सगळं सांगूनही, नको म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. काही घरं घेत नाहीत आणि ताठ मानेनं जगतात. पण नको म्हणणारं मन तुमचं असावं. गावकऱ्यांच्या तोंडाला भिऊन, वकिलाच्या एका प्रश्नाला भिऊन नको म्हणणार असाल, तर तेच लोक उद्या “हिला गरजच नव्हती” असंही म्हणतील.

हे वाचणाऱ्या इतर बायाबापड्यांसाठी थोडं. लैंगिक अत्याचार किंवा अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे आणि तिचंही काम आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव छापणं किंवा समाजमाध्यमावर टाकणं गुन्हा आहे, हे नातेवाइकांनी ध्यानात ठेवावं, सहानुभूतीची पोस्टही त्यात आली. जातीवरून अत्याचार झाला असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालची मदत वेगळी आहे आणि ती समाजकल्याण विभागामार्फत मिळते. २०१६ च्या नियमांत खुनाच्या प्रकरणी ती सव्वाआठ लाख होती, निम्मी शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. शिवाय वारसांना निवृत्तिवेतन आणि इतर सवलती. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यात किंवा ऊसतोडीला गेलेल्या ठिकाणी घडला असला तरी जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं नोंदवून ती पुढं पाठवावी लागते.

तुमच्याकडे परत. नुकसानभरपाईच्या नादात लहान वाटणाऱ्या गोष्टी सुटतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस साठच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात, अर्ज तहसीलमध्ये. वडील गेलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात अनुदान योजनेत खुनाचाही समावेश आहे आणि मृत्यूला दोन लाख मिळतात, पण तिची मुदत फार लहान आहे. तुमची बहुधा उलटली असेल, तरी तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारून लेखी उत्तर घ्या. यातल्या कशालाच सासरे रक्ताचा पैसा म्हणणार नाहीत, तेव्हा सुरुवात तिथून केलीत तरी चालेल. मोठा मुलगा रात्री दचकून उठतो असं लिहिलंय. त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या, तोवर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फुकट. अंगाऱ्याला माझा विरोध नाही, पण अंगारा लावून मग फोन करा.

आणि एक, जे तुम्ही विचारलंच नाही. सातबाऱ्यावर यजमानांचं नाव होतं का? असेल तर वारस नोंद झाली का? हिंदू वारसा कायद्यानं त्यांच्या हिश्श्यात तुम्ही, दोन्ही लेकरं आणि सासूबाई सारख्या वाट्याच्या वारस आहात. सासऱ्यांचं नाव त्या यादीत पहिल्या फळीत येत नाही, म्हणून अर्जात त्यांचा विचार करा असं वर म्हटलं. तलाठ्याकडे मृत्यू दाखला देऊन नोंदीचा अर्ज करा आणि फेरफार मंजूर झाल्याचा उतारा घ्या. हे मोजणीच्या आधी करा, कारण नाव सातबाऱ्यावर नसेल तर मोजणीचा अर्ज कुणाच्या नावानं द्यायचा हाच पहिला प्रश्न येईल.